सहाखालचं टिंब

आमच्या बाबांनी एखाद्या पदकाला ‘खोटं’ म्हटलं, की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. रिटायर झाल्यापासून त्यांना हा नाद लागलाय. पलटणींचे बिल्ले, पितळी बटणं, बकलं, पदकं. रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईचं एक कपाट आहे आणि बाबांची अडीच. तीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस. पदक हाती आलं की आधी मायक्रोमीटर, मग भिंग, मग वास. हो, वाससुद्धा घेतात.

मीही चाकणला क्वालिटीतच आहे. दिवसभर माल रिजेक्ट करते, पण निदान गोड बोलून. बाबांना तेवढंही जमत नाही. मध्यंतरी एका साहेबांच्या शौर्यपदकाला त्यांनी दोन मिनिटांत ‘दुकानातलं’ म्हणून टाकलं. साहेब लिफ्टची वाटही न बघता सात मजले पायी उतरले.

यंदा जयंतीच्या आठवड्यात भोसरीच्या विहारात जुन्या सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. बाबांची चिठ्ठी असेल तरच वस्तू काचेत लागणार, असा नियम. त्या चिठ्ठीसाठी रविवारी सकाळी चिमाबाई आल्या. त्यांचे मालक खंडूकाका बाबांच्या शेजारच्या वर्कशॉपात लेथवर टर्नर होते, तीन वर्षांपूर्वी गेले. काकू सत्तरीच्या पुढच्या. दोन बस बदलून आल्या होत्या.

“जयभीम, धम्मपालभाऊ,” म्हणत त्या टेकल्या आणि पिशवीतून रुमाल काढला. रुमालात त्यांच्या सासऱ्यांचं, आबाजींचं पदक. आबाजी महार पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले.

“मामंजींचं नाव एकदा काचेत लागावं, येवढंच हाय बघा. माझ्या मागं कोण लावतंय?”

बाबांनी मायक्रोमीटर लावला. भिंग लावलं. मग पदक उभं धरून कड फिरवत राहिले. एरवी दोन मिनिटांत निकाल देणारा माणूस दहा मिनिटं कडच बघत होता. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं.

मी बघितलं. पदकावरच्या इंग्रज राजाचा चेहरा बोथट होता आणि गालावर सुईच्या टोकाएवढी भोकं होती, म्हणजे पदक खऱ्यासारखं ठशाने छापलेलं नव्हतं, ओतलेलं होतं. कडेवर इंग्रजीत आबाजींचं नाव आणि नंबर. नंबरातल्या प्रत्येक सहाखाली एक बारीक टिंब. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ दिसतो, म्हणून वर्कशॉपात जॉबवर, म्हणजे तयार भागावर, नंबर ठोकताना सहाखाली टिंब मारायची सवयच असते. टांकसाळीत असलं टिंब कोण मारतंय?

मी बाबांना डोळ्यांनी खुणावलं. जन्मात एक चिठ्ठी खोटी लिहिली तर काय आभाळ कोसळणार होतं? त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मला इतका संताप आला, की आत जाऊन चहाचं पातेलं आपटलं.

“वैनी,” बाबा म्हणाले, “हे सरकारनं दिलेलं पदक नाही.”

काकूंचा चेहरा उतरला. “म्हंजी मामंजी लढाईवर गेलेच न्हाईत?”

“गेले तर! प्रदर्शनासाठी आलेले त्यांचे कागद मी स्वतः बघितलेत. नंबर बरोबर तोच आहे. पण हे पदक इथलं आहे. कुणीतरी दुसऱ्याच्या पदकावरून साचा घेऊन ओतलंय, लेथवर कड फिरवलीय, हाताने आकडे ठोकलेत.” मग त्यांनी भिंगाखाली ते टिंब दाखवलं. “झीज बघता चाळीसएक वर्षं झाली असतील.”

काकू बराच वेळ त्या टिंबावर बोट फिरवत बसल्या. मी चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही.

“आमी खोली बदलली तवा पदक हरवलं हुतं,” त्या हळू म्हणाल्या. “मामंजींनी जेवण सोडलं. त्याच वक्ताला ह्ये रोज उशिरा यायला लागले. इचारलं तर म्हणायचे, ओव्हरटाइम. एक दिस मी डबा घिऊन गेटवर गेले, तर वॉचमन म्हणतो, ओव्हरटाइम कवाच बंद झालाय.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. पंधरा दिसांनी पदक घिऊन आले. म्हणाले, जुन्या खोलीत फळीमागं घावलं. मामंजी लहान पोरावानी हसले. अन् मी मनात धरून बसले, की ह्या माणसाचं बाहेर कायतरी हाय.”

“काकांना विचारलं नाहीत कधी?”

“कसं इचारायचं, बाई? संसार केला, लेकरं मोठी केली. पर अढी गेली न्हाई.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. माझा बाबांवरचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“खंडूचाच हात आहे, वैनी,” बाबा म्हणाले. “कड बघा. कुठं सुताचा फरक नाही. बाजारात अशी नक्कल मिळत नाही.” त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. “मी खरं तेच लिहितो. आबाजींच्या पदकाची नक्कल, करणारा त्यांचा मुलगा खंडू. काचेत मधोमध लावू.”

काकूंनी पदक पुन्हा रुमालात बांधलं, घट्ट गाठ मारली आणि पोलक्यात खोवलं.

“मामंजींचे कागद लावा तुमी काचेत. ह्ये मी घरी नेते.”

“अहो, पण तुम्ही त्यासाठीच तर एवढ्या लांब आलात!”

“आले हुते. पर आता ह्यांच्याशी चाळीस वर्सांचं बोलायचं ऱ्हायलंय, भाऊ. काचेतनं कसं बोलू?”