वळणावरचा ड्रायव्हर

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही. मानलीच, तर त्यानं आधी आपलं डोकं तपासून घ्यावं. एवढं बजावून कल्याणप्पांनी तेरच्या स्टँडवरल्या हॉटेलात बशीतला चहा भुरकला. समोरच्या बाकड्यावर आयुबनं शेजाऱ्याला डोळा मारला. आता सुरू होणार.

तर, पुण्याच्या एका कंपनीनं मोबाइलचा गेम काढायला घेतला. उसाचा ट्रॅक्टर फडातून कारखान्यावर न्यायचा, एवढाच खेळ. पण सगळं हुबेहूब पाहिजे म्हणून ती पोरं थेट तेर-ढोकीच्या रस्त्यावर येऊन थडकली. ओढ्याजवळचं वळण उतरवून घेतलं, खड्डेसुद्धा सोडले नाहीत. आणि ड्रायव्हर म्हणून धरला इथल्याच एका ट्रॅक्टरवाल्याला, सिद्धारामला. चारी बाजूंनी फोटो, स्टेअरिंगवरची पकड, मान वळवायची ढब, हसणं, खाकरणं, सगळं यंत्रात भरून घेऊन गेली.

"अंगठा बी घेतला का आप्पा?" आयुब म्हणाला.

"अंगठा तुझ्यासाठी ठेवला. गप ऐक."

सिद्धारामची बहीण शिवरंजनी कॉम्प्युटर शिकलेली. बाजारात यायच्या आधीच कंपनीनं गेम तिच्या मोबाइलवर चढवून दिला. खेळायचं, आणि काही बिघडलेलं दिसलं की तिथंच तक्रार टाकायची. घरात काय कौतुक! आई चन्नम्मा पदरानं मोबाइलची काच पुसायची. लेक त्यात बसलेला ना!

एका दुपारी खेळताना ओढ्याच्या वळणावर ड्रायव्हरचा डावा हात नाहीसा झाला. तुटला नाही, झाकला नाही. नव्हताच. स्टेअरिंग आपलं आपण फिरत होतं. शिवरंजनी खुदकन हसली.

संध्याकाळी सिद्धाराम चहा पिताना त्याच्या डाव्या हातातून कप सुटला. "मुंग्या आल्यात," म्हणाला. दुसऱ्या दिवशी वळणावर ड्रायव्हरचा अख्खा दंड गेला, आणि इकडं सिद्धारामनं हात गळ्यात बांधून घेतला. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असंल. शिवरंजनी मात्र हसायची बंद झाली.

तक्रार टाकायला बसली, तर बोटं उठेनात. आपल्याच भावाचं तोंड असलेला माणूस नाहीसा होतो, असलं अभद्र लिहून कसं द्यायचं? त्या घरात चन्नम्मा तसला शब्द उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. मग तिनं घरच्या रीतीनं लिहिलं: "नमस्कार साहेब. गेम लई छान आहे. फक्त वळणावर ड्रायव्हरला जरा बरं वाटत नाही. कृपया लक्ष असू द्यावे."

उत्तर आलं: "या गेममध्ये ड्रायव्हर आजारी पडत नाही. आमच्याकडे सर्व ठीक चालते. तक्रार बंद."

ती चिडली. लिहिलं, "गेम खराब आहे, लवकर दुरुस्त करा." तीही तक्रार बंद झाली.

शेवटी कंपनीतून मिनाज नावाच्या मुलीचा फोन आला. तक्रारी वाचायचं काम तिचंच. "ताई, 'खराब' म्हटल्यानं आम्हाला काय कळणार? तुम्ही कुठून निघालात, काय काय दाबलं, मग काय झालं, ते ओळीनं लिहा. मोबाइल कोणता तेबी सांगा. आणि नेमकं कशामुळं होतंय ते हुडका. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आमच्या डोळ्यांपुढं ते घडलं, तरच आम्हाला दुरुस्त करता येतं."

"म्हणजे मी परत परत घडवून बघू?"

"त्याशिवाय कसं कळणार, ताई?"

फोन ठेवून शिवरंजनी हिशेब मांडत बसली. भावाला वाचवायचं तर बिघाड सापडला पाहिजे. बिघाड सापडायचा तर तो घडवला पाहिजे. आणि घडला की सिद्धाराम थोडा थोडा जाणार.

"आयला," आयुब म्हणाला. या वेळी त्यानं डोळा मारला नाही.

तिनं गच्चीवर बसून खेळायला सुरुवात केली. एक ट्रॉली जोडली, काही झालं नाही. दोन जोडल्या, तरी नाही. एकच ट्रॉली ठेवून ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा टेप मोठा लावला, ड्रायव्हर जागच्या जागी. मग दोन ट्रॉल्या आणि टेप मोठा. ब्रेक न दाबता वळण घेतलं, आणि ड्रायव्हरचे पाय गेले. खाली अंगणात खाट करकरली. "शिवे," सिद्धारामनं हाक मारली, "माझ्या पायावर चादर टाकली का गं कुणी? कायच कळंना."

खात्री करायला ती पुन्हा खेळली. करायलाच हवं होतं, मिनाजनं तसं बजावलं होतं. या वेळी तोंड गेलं. टोपी तेवढी हवेत राहिली.

जेवायला बसल्यावर चन्नम्मा भाकरी हातात धरून इकडंतिकडं बघत राहिली. "सिद्धा, अंधारात का बसलास रे? दिसंना झालास." सिद्धाराम तर थेट दिव्याखाली बसला होता.

मग शिवरंजनीनं सगळी लाज, सगळं अभद्र बाजूला सारलं आणि लिहिलं. फडातून निघा. दोन ट्रॉल्या जोडा. टेप मोठा करा. ओढ्याच्या वळणावर ब्रेक दाबू नका. काय होते? ड्रायव्हर नाहीसा होतो. मोबाइल कोणता तेही लिहिलं, वर व्हिडिओ जोडला. एकच जागा कोरी राहिली. तिथं विचारलं होतं, काय व्हायला पाहिजे होतं? तिला वाटलं, हे काय विचारणं झालं? ड्रायव्हर सीटवर पाहिजे हे शेंबड्या पोरालाही कळतं. ती जागा तशीच सोडून तिनं तक्रार धाडली.

मिनाजचा लगेच निरोप आला: "वा ताई! अशी तक्रार पाहिजे. आमच्याकडंही तसंच घडलं. पोरं कामाला लागलीत."

त्या रात्री शिवरंजनीला गाढ झोप लागली. सकाळी मोबाइलवर नवा गेम आलेला होता, आणि खाली दोन ओळी. "वळणावर ड्रायव्हर नाहीसा होण्याची चूक दुरुस्त केली. ड्रायव्हर काढून टाकला आहे. ट्रॅक्टर आता आपोआप चालतो."

तिनं गेम उघडला. दोन ट्रॉल्या, टेप मोठा, वळण. ट्रॅक्टर झोकात वळला. कुणीही नाहीसं झालं नाही. सीट सुरुवातीपासूनच रिकामी होती.

ती जिना उतरून धावली. अंगणात खाट नव्हती. खाटेचे पाय टेकायचे तिथं सारवण गुळगुळीत होतं. चन्नम्मा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

"आई, सिद्धादादा कुठंय?"

चन्नम्मानं मान वर केली. "कोण सिद्धा गं?"

इकडं हॉटेलात आयुबचा चहा कधीचा गार झाला होता. कल्याणप्पांनी सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा सावकाश बघून घेतलं आणि पुढं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात पार्सल चहाची किटली घेऊन दारात उभी असलेली शिवरंजनी, हो, तीच, कंपनीचा गेम तपासणारी, फणकारून म्हणाली,

"आप्पा, किती लबाड बोलावं माणसानं! मला भाऊ कधी होता?"