माझ्या पाठीवरची पट्टी

मी एक जुनी फिरती ढाल आहे. नावावर जाऊ नका, मित्रांनो, तलवारीचा एकही वार मी झेललेला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांची दरवर्षी एक इतिहास स्पर्धा होते, तिच्यातला विशेष पुरस्कार म्हणजे मी. माझं पितळ काळवंडलं आहे, एक कोपरा पिचला आहे, पण जीभ शाबूत आहे. आज मी गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते.

भवानी पेठेत तिप्पण्णांच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यांनी सागवानी फळी तासली, मधोमध पितळी पत्रा बसवला आणि त्यावर कोरलं, 'विशेष पुरस्कार : विद्यार्थी व शिक्षक'. भोवती छोट्या पट्ट्यांसाठी जागा सोडली. प्रत्येक पट्टीवर दोन नावं, एक शिकणाऱ्याचं आणि एक शिकवणाऱ्याचं. जिंकलेल्या शाळेनं मला वर्षभर सांभाळायचं, आपली पट्टी आपणच कोरून घ्यायची आणि पुढच्या वर्षी त्याच विद्यार्थ्यानं मला नव्या विजेत्याच्या हाती द्यायचं, अशी रीत. पट्टीवर काय कोरलंय ते मात्र कोणी तपासत नसे. सगळा भरवसा शाळेवर.

वर्षामागून वर्षं मी गावोगाव हिंडले. कुठे माझी आरती करायचीच काय ती बाकी राहिली, कुठे खिडकी आपटू नये म्हणून मला तिला टेकवून ठेवलं. एका शाळेत तर गुरुजी माझ्यावर चहाचे कप ठेवत. मी सोसलं. कपाचे डाग ओल्या फडक्यानं जातात.

मग एका वर्षी मला कीर्तीनं जिंकलं. जेऊरच्या बाजूची नववीतली मुलगी. तिची आजी नागूबाई तरुणपणी रेल्वेच्या रुळांखाली खडी टाकायच्या कामावर होती. अशा सहा म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन कीर्तीनं त्यांचा इतिहास लिहिला. तिला ही वाट दाखवली नवनाथ सरांनी. ते तासिकेवरचे शिक्षक, म्हणजे नोकरी वर्षापुरती. दर रविवारी ते तिच्याबरोबर त्या घरांत जात आणि वहीच्या समासात लाल शाईनं विचारत, 'हे कोण म्हणालं? कधी? पुरावा काय?'

पण बक्षीस समारंभाला सर आलेच नाहीत. मुख्याध्यापक बापूसाहेबांनी त्यांना त्या दिवशी शाळेतच तास लावून दिले होते आणि अर्जात मार्गदर्शक म्हणून स्वतःचं नाव भरलं होतं. आयत्या बिळावर नागोबा! कीर्ती व्यासपीठावर गांगरली आणि गप्प राहिली. पुढे माझ्यावर पट्टी बसली, तिच्यावरही 'कीर्ती' आणि 'बापूसाहेब'. मित्रांनो, त्या दिवशी मला माझी लाज वाटली. इतिहासाचं बक्षीस मी, आणि माझ्याच अंगावर खोटा इतिहास!

वर्ष संपलं. नवनाथ सर वेळापूरच्या एका शाळेत गेले. मला परत करायच्या आदल्या दिवशी कीर्तीनं शाळेच्या व्हरांड्यातून त्यांना फोन लावला. मी तिच्या काखेतच होते.

"जाऊ दे, कीर्ती," सर म्हणाले. "दहावीचं वर्ष हाय तुझं. तोंडीचे गुण शाळेच्याच हातात असतात."

"व्हय सर," ती म्हणाली. पण मला धरलेला तिचा हात काही सैल झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सोलापुरात सभागृह गच्च भरलं होतं. कीर्तीनं मला नव्या विजेत्याच्या हाती द्यायचं, टाळ्या घ्यायच्या आणि खाली उतरायचं. ती सरळ माइकपाशी गेली. पट्टी मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "ह्यातलं एक नाव खोटं हाय. मला नवनाथ सरांनी शिकवलं."

बापूसाहेब पहिल्याच रांगेत होते. ते हसत उठले. "पोरगी लहान हाय हो. शाळेच्या वतीनं मुख्याध्यापकाचं नाव घालतातच की!"

कीर्ती माइकपासून हलली नाही. "मी सा आज्यांची नावं लिवली. एकीचं काम दुसरीच्या नावावर घातलं असतं, तर तुमी मला ही ढाल दिली असती का?"

परीक्षक विजयमाला बाईंनी चष्मा पुसला. "पुरावा आहे?"

कीर्तीनं दप्तरातून वही काढली. बाईंनी पानापानावरची लाल शाई पाहिली, तारखा पाहिल्या. मग वही बापूसाहेबांपुढे धरली. "सर, हे अक्षर तुमचं का?" बापूसाहेब खाली बसले.

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर मागवला. कीर्तीनं स्वतःच्या हातानं ती पट्टी काढली. एका एका स्क्रूसरशी मी हलकी होत गेले, खोटं कशाला बोलू! कोणीतरी म्हणालं, "द्या ती फेकून."

"फेकू नका," कीर्ती म्हणाली. "मागच्या बाजूला लावा. हे बी घडलंय की."

नवी पट्टी तिप्पण्णांनीच कोरली, पैसे न घेता. नवनाथ सर दुकानात आले, आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले. कीर्तीला तोंडी परीक्षेत किती गुण मिळाले ते मला ठाऊक नाही. ते गुण हातचे जाऊ शकतात हे माहीत असूनही तिनं आवाज उठवला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

आता लोक म्हणतात, ढालीची पाठ खराब दिसते, पट्टी काढून पॉलिश मारा. खबरदार! समोरून मला घासा, नाहीतर घासू नका, माझी तक्रार नाही. पाठीला हात लावायचा नाही. आणि मित्रांनो, उद्या तुम्ही जिंकलात, तर मला घेऊन फोटो काढायच्या आधी एकदा उलटी करा. ती पट्टी वाचा आणि मगच तुमच्या पट्टीवर कोणाचं नाव घालायचं ते ठरवा.