मागच्या चाकावरचं वजन

धम्मरत्ननं मागच्या टायरच्या व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसली आणि हवा फुस्सकन बाहेर पडू लागली. टायर कितपत बसतो आहे ते तो वाकून बघत होता. वच्छलाबाई चपला हातात धरून त्याच्या मागे उभी होती. पायात घालायची सोयच नव्हती. दोन पावलं टाकली की किलोभर काळी माती तळाला चिकटून यायची.

"हवा सोडून काय होते रे?"

"टायर चपटा झाला का जमीन धरते, काकू. समोर पंपावर भरून घेऊ."

तो आत बसला, दुसऱ्या गिअरवर हळूच गाडी उचलायला गेला. चाकं जागच्या जागी गरागरा फिरली, चिखलाचा फवारा वच्छलाबाईच्या कमरेपर्यंत उडाला आणि पिकअपची मागची बाजू शांतपणे नालीकडे घसरत गेली. धम्मरत्ननं इंजिन बंद केलं.

"भरली असती तं निघाली असती," तो खाली उतरून म्हणाला. "डाला रिकामा हाय. मागं वजनच नाही तं चाक कायले धरते? नुसतं नाचून राह्यलं."

केबिनमध्ये सदाशिवराव बसले होते. पाय सुजून खांबासारखे झालेले, मान मागे टेकलेली, तोंड उघडं. आठवड्यातून दोनदा त्यांना यवतमाळला डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागे. शुक्रवारची पाळी पावसानं गेली होती, आज मंगळवार. दोन पाळ्या लागोपाठ चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी वच्छलाबाईला बजावून सांगितलं होतं, आणि दवाखान्यातल्या पोरीनं सकाळी फोनवर सांगितलं होतं की बारापर्यंत आले नाही तर मशीन दुसऱ्या पेशंटला जाईल. पावणेदहा झाले होते. उचलून न्यावं, तर आडवं केलं की त्यांचा जीव घुसमटायचा. आणि डांबरीवर नेऊन ठेवलं तरी तिथे कोणती गाडी त्यांची वाट बघत उभी होती?

डांबरी इथून दिसत होती, हेच तर वाईट होतं. पाऊण किलोमीटरवर ट्रक आरामात जात होते.

"वजनाले बोलावतो," धम्मरत्न म्हणाला.

वच्छलाबाई पटकन म्हणाली, "नोको रे."

"मंग काय करता? ट्रॅक्टर कालपासून मुकुटबनले हाय."

या वाटेवर रिकामी पिकअप न्यायची तर मागे माणसं उभी करायची, हे गावात सगळ्यांना पाठ होतं. कापसाच्या दिवसांत गाठोडी असत, पावसाळ्यात माणसं. 'वजनाले चला' म्हटलं की हातातलं काम टाकून लोक येत, डांबरीपर्यंत डाल्यात उभे राहत आणि चिखल तुडवत परत जात. कोणाचं बाळंतपण असो की कोणाचा बैल. पण आज हाक कोणासाठी होती? हा पाऊण किलोमीटर चिखल राहिला होता तोच मुळी ज्याच्यामुळे, त्याच्यासाठी.

चार वर्षांपूर्वी ही पांदण, शेतांमधली गाडीवाट, पक्की करायचं ठरलं, गावाकडून मुरूम पडत पडत आला आणि सदाशिवरावांच्या शेताशी थांबला. मोजणीत पांदण अरुंद निघाली. आणखी जागा माझ्या वावरातून घेऊन राह्यले म्हणून त्यांनी तहसीलमध्ये हरकत टाकली. लोक घरी येऊन बसले, हात जोडले, चहा पिऊन गेले. हे मात्र ढिम्म. वच्छलाबाई एकदा म्हणाली होती, द्या ना दोन हात, काय फरक पडते. त्यावर आठ दिवस घरात बोलणं बंद होतं.

धम्मरत्न शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बायांना घेऊन आला. नऊ जणी होत्या. सगळ्यांत पुढे रुखमाबाई, टोळी तिचीच. तिला बघून वच्छलाबाई दोन पावलं मागे सरकली. रुखमाबाईच्या नवऱ्याला, मारोतीला, दोन वर्षांमागे असाच पावसात साप चावला होता. दवाखान्याची गाडी डांबरीवर येऊन थांबली, पुढे येऊ शकली नाही. बाजेवर घालून नेलं त्याला याच चिखलातून. पाऊण तास लागला. नंतरचा दवाखाना नावालाच.

रुखमाबाईनं केबिनमध्ये डोकावून पाहिलं.

"लयच सुजले व वच्छलाबाई."

"शुक्रवारी जमलं नाही ना."

"हं." तिनं साडीचा काष्टा वर खोचला. "किती बाया पायजे, धम्मा?"

"सगळ्याच चढा. पण शेपटाकडे नोको उभ्या राहू, चाकाच्या वर राहा. मागं लटकल्या का समोरचं तोंड उचलते, मंग स्टेअरिंग आयकत नाही."

"लालीबाईले बरोबर चाकावर ठेव रे," कोणीतरी म्हणालं. "ते एकटी दोन कट्ट्याची हाय."

"तुह्या घरचं खाऊन झाली काय मी?" लालीबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. वच्छलाबाईलाही हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

या खेपेला गाडी निघाली. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले, चाकांनी जमीन धरली. हळू, डुलत, पण चालली. बाया डाल्याच्या कठड्याला धरून 'हळू रे बाप्पा, हळू' करत होत्या. वच्छलाबाई मागून चालत होती आणि देवाचं नाव घ्यायचंही तिला भय वाटत होतं. निम्म्याहून जास्त वाट झाली. मग पांदण निमुळती होते तिथे, दोन्ही बाजूंनी पाणी भरलेल्या चाकोऱ्यांत, गाडी पुन्हा अडकली. चाकं फिरली, खाली बसली. धम्मरत्ननं लगेच पाय काढला.

"आता जोर केला तं पार आसापर्यंत जाईन," तो उतरून म्हणाला. "चाकाखाली काही टाकलं पायजे. पराट्या असत्या तं—"

आणि तो थांबला. पऱ्हाट्या होत्या की. हाताच्या अंतरावर सदाशिवरावांचा कापूस उभा होता, कमरेएवढा, पात्याफुलांनी भरलेला. धम्मरत्ननं केबिनकडे पाहिलं. बायांनीही पाहिलं. सदाशिवराव समोरच्या काचेतून डांबरीकडे बघत होते.

वच्छलाबाईला इतका राग आला की तिचे कान तापले. राग नवऱ्याचा, या पोराच्या भिडेचा, स्वतःच्या एवढ्या वर्षांच्या गप्प बसण्याचा. ती धुऱ्याचा बांध ओलांडून वावरात आत शिरली आणि पहिलं झाड उपटलं. ओल्या मातीतून ते मुळासकट आलं. दुसरं उपटलं. तिसरं.

"वच्छला."

केबिनची काच खाली झाली होती. आता ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडा म्हणावं.

"तिकून नोको," सदाशिवराव म्हणाले. एकेका शब्दासाठी ते दम घेत होते. "धुऱ्याकडून घे. चवथ्या ओळीपर्यंत. ते आपलं नाही."

तिला कळलंच नाही. "काय नाही?"

"ते पांदणीतलं हाय. मोजणीच्या आदल्या दिवशी... हद्दीचा दगड सरकवला मी."

डाल्यातल्या नऊच्या नऊ जणींनी ऐकलं होतं. धम्मरत्न खाली बघून उगाच चाकाची माती काढू लागला.

"मंग मारोतीच्या टायमाले काहून नाही सांगतलं?"

रुखमाबाईनं विचारलं ते मोठ्यानं नाही. कोणाला किती वाजले विचारावं तसं विचारलं. सदाशिवरावांनी तोंड उघडलं. मग वच्छलाबाईकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षं वच्छलाबाई त्यांच्या वतीनं लोकांना उत्तरं देत आली होती, घेणेकऱ्यांना, सोयऱ्यांना, पोरींच्या सासरी. आता हातात झाडं घेऊन ती रुखमाबाईकडे बघत उभी राहिली.

रुखमाबाई कठड्याशी आली. तिनं कठड्यावर हात ठेवला. बाकीच्या जणी तिच्याकडे बघत होत्या; ती उतरली असती तर एकही वर थांबली नसती, आणि तिला उतरू नको म्हणायला या जगात कोणाला तोंड होतं?

तिनं मागे राहिलेल्या चिखलाकडे पाहिलं. मग वळली.

"सरक व लालीबाई. मले चाकावर उभी राहू दे." आणि खाली न बघता वच्छलाबाईला म्हणाली, "टाक लवकर पराट्या. मशीन जाईन दुसऱ्याले."

वच्छलाबाईनं मग मोजलं नाही. मिळेल ते झाड उपटलं, धम्मरत्ननं ते चाकांखाली कोंबलं. पहिल्या खेपेला चाक घसरलं, दुसऱ्या खेपेला झाडं कडाकडा मोडली आणि गाडी वर चढली. थांबली ती डांबरीवरच.

बाया उतरल्या, पाय घासून माती काढू लागल्या. रुखमाबाई शेवटी उतरली. ती धम्मरत्नशी दोन शब्द बोलली आणि केबिनकडे न पाहता टोळीच्या पुढे चालू लागली. 'येतो' म्हणावं म्हणून वच्छलाबाईनं हात उचलला, पण तो तसाच खाली आला. ती नवऱ्याशेजारी बसली. गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली.

पंपावर हवा भरून गाडी पुन्हा निघाली तेव्हा सदाशिवरावांनी विचारलं, "काय म्हणे रुखमाबाई?"

"वापस कवा येता म्हणे," धम्मरत्न समोर बघत म्हणाला. "येतानी बी गाडी रिकामीच राहीन, हाक मारजो म्हणे. वजनाले येतो."

सदाशिवरावांनी डोळे मिटले. एक ट्रक ओलांडून गेला, मग दुसरा. ते झोपले असं समजून वच्छलाबाईनं त्यांच्या गळ्याशी टॉवेल सारखा केला.

"पाच हायत," ते म्हणाले.

"काय पाच?"

"ओळी. मी चार सांगतल्या."