ज्या खंदकात किल्ला दिसायचा

बघा, बघा, माना वर करून बघा! बुरूज बघा, दरवाजा बघा, कमळं कोरलेली ती कमान बघा. इथे येणारा प्रत्येक जण हेच करतो. पायाखाली बघणं मात्र सगळ्यांच्या जिवावर येतं. मित्रांनो, तुम्ही ज्या गवताळ खळग्याच्या काठावर उभे आहात ना, तो मी. या किल्ल्याचा जुना खंदक.

एलिचपूरकडच्या कुण्या सरदाराला वलगावच्या पुढे, या काळ्या रानात, किल्ला बांधायची हौस आली. डोंगर तर इथे औषधालाही नाही! मग किल्ला सपाटीवरच उभारायचा आणि रक्षणाला भोवती खंदक खणायचा, असं ठरलं. वडारांनी मला खणलं. माझ्यातून निघालेली माती तटाच्या पोटात भरली. म्हणजे बघा, हा एवढा ऐटबाज किल्ला माझ्याच पोटचा, पण हे कुणी सांगतं का? मग नाल्याचं पाणी माझ्यात वळवलं आणि किल्ल्यानं पहिल्यांदा आपलं तोंड माझ्यात पाहिलं. माझ्यात सुसरी सोडल्यात अशी आवई सरदारानं उठवली होती. सुसरी कुठल्या! चार कासवं होती बिचारी.

पुढे सरदार गेला, शिपाई गेले, इंग्रज आले, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. किल्ल्यात वटवाघळं राहू लागली. मी मात्र एकटा पडलो नाही, कारण माझ्या काठावर माळ्यांची घरं होती. त्यातली पार्बताबाई माझ्या सगळ्यात जवळची. नवरा लवकर गेला. एकुलत्या पोराला, शालिकरामला, पाठीशी बांधून तिनं काठावरचा मळा पिकवला. वांगी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आंबटचुका आणि बांधाला झेंडू. पाणी माझं. पोरगा मोठा झाला तसा तो मोट हाकू लागला.

दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की माझं पाणी तळाला जायचं. मग माळ्यांची घरंच्या घरं कुदळी-टोपली घेऊन माझ्यात उतरायची. साचलेला काळा गाळ उपसायची, बैलबंडीत भरून मळ्यात पसरायची. पहिल्या टोपल्याला पार्बताबाई हळदकुंकू वाहायची आणि म्हणायची, "चाल रे बुढ्या, तुह्यं आंग धून देतो."

मला बुढा म्हणायची! राग यायचा, पण पोट कसं हलकं व्हायचं म्हणून सांगू!

एका रविवारी अमरावतीहून एक दमणी आली. बैलांच्या गळ्यात घुंगरं, आत कमलाकांतराव वकील. ते खाली उतरले, काठावर आले आणि जागीच खिळले. त्यांनी मान वर केलीच नाही, थेट माझ्यात पाहिलं. वारा पडलेला होता. सगळा किल्ला माझ्यात उलटा उभा होता, कमानीवरच्या कमळांसकट.

"अहाहा!" वकील म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मी तर विरघळलोच. इतक्या वर्षांत असं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं हो!

तेवढ्यात शालिकरामची मोट धपकन पाण्यात पडली. किल्ला थरथरला, त्याचे तुकडे तुकडे झाले.

"अरे, अरे, थांबवा ती मोट!" वकील ओरडले.

पार्बताबाई वांग्याच्या वाफ्यातून उठून पुढे आली. "काहून जी? वांगे तहानले हायेत."

"बाई, ही भाजीची जागा नव्हे. हा इतिहास आहे."

"असंन जी. पन इतिहासाले पानी लागत नाई, वांग्याले लागते."

वकील मनापासून हसले. तिनं त्यांच्या उपरण्यात ताजी वांगी बांधून दिली, ती त्यांनी कौतुकानं नेली. माणूस वाईट नव्हता. तेच तर माझं दुखणं आहे.

वकिलांनी माझा ध्यासच घेतला. साहेबलोकांना गाठलं, त्यांना इथे आणलं, माझं पाणी दाखवलं. शेवटी एक दिवस काठावर फलक रोवला गेला आणि त्याच्या शेजारी एक चपराशी बसला. शालिकरामनं आईला वाचून दाखवलं, "खंदकातील पाणी व माती नेण्यास सक्त मनाई आहे."

पुढच्या रविवारी वकील आले तेव्हा पार्बताबाई त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "सायेब, माहा मळा मरून जाईन जी."

"पार्बताबाई, चार वाफ्यांपेक्षा हे फार मोठं आहे. पुढच्या पिढ्या तुम्हाला दुवा देतील."

"पुढच्यायचं मले नाई समजत जी. माह्या पोराचं बोला."

वकील छत्री उघडून दमणीकडे चालू लागले.

आधी आंबटचुका गेला, मग सांबार. वांगी वाचवायला मायलेकांनी गावच्या विहिरीवरून घागरी वाहिल्या, पण घागरीनं कुठे मळा भिजतो का? तिनं वाळलेली झाडं आपल्या हातानं उपटली, चुलीपुढे रचली आणि पोराला घेऊन अकोल्याला जीनमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला निघून गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फार लागलं मला ते. माझं तोंड एवढं मोठं, पण मला तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही.

मग काय, किल्ला माझ्यात दिवसभर न हलता दिसायचा! लोक यायचे, वकिलांची पाठ थोपटायचे. आखाजी आली, कुणी उतरलं नाही. पुन्हा आली, पुन्हा कुणी नाही. चपराशी आपलं काम चोख करत होता. गाळावर गाळ चढला. काठानं पाणकणीस माजलं, मग ते मधेही आलं. जिथे पाणी उघडं असेल तिथेच किल्ल्याचा एखादा तुकडा दिसायचा. कासवं कुठे गेली कोण जाणे. नाल्याचं पाणी माझ्यात मावेना, ते बाहेरच्या बाहेर वळून नदीला जाऊ लागलं.

कितीतरी वर्षांनी पिकल्या केसांचे वकील काठी टेकत आले तेव्हा माझ्यात बघायला काहीच नव्हतं.

"किल्ला कुठे गेला?" त्यांनी चपराशाला विचारलं.

"हा काय जी, उभा हाय समोर!"

वकील काठावरच बसले. पोरासारखे रडले. मग त्यांनी धावपळ करून गाळ काढायची परवानगी मिळवली आणि अकोल्याहून पार्बताबाईला बोलावून घेतलं. ती आली. कापसाच्या धुळीनं सारखी खोकत होती, शालिकरामचा खांदा धरून चालत होती. पण आली! मला वाटलं, आता ती मला बुढ्या म्हणून हाक मारील.

शालिकरामनं कुदळ मारली. ती खणकन वाजून उसळली. त्यानं जोर लावून एक ढेकूळ काढलं. पार्बताबाईनं ते हातात घेतलं, फोडलं, नाकाशी नेलं.

"वकीलसायेब, गाळ नाई राह्यला हा. जमीन झाली जी."

"मग... मग तुम्हीच घ्या ही जमीन. लावा इथे वांगी. मी फलक काढायला लावतो." वकील घाईनं म्हणाले.

तिनं माझ्यावरून नजर फिरवली, या काठापासून त्या काठापर्यंत.

"माती लय चांगली हाय जी," ती म्हणाली. "पन पानी कुठून आनू?"

तिनं मातीचा हात लुगड्याला पुसला आणि मायलेक अकोल्याच्या वाटेला लागले.

मित्रांनो, आवडलेल्या वस्तूला हात लावू नका, असं तुम्हाला मोठी माणसं सांगतात. मी सांगतो, हात लावा. ती घासा, पुसा, वापरा, आणि जे वापरतात त्यांना हाकलू नका. मला कुण्या शत्रूनं नाही मारलं. माझ्यावर जीव टाकणाऱ्यानंच मला माणसांपासून तोडलं.

असो. ऊन चढलं, निघा आता. लांबच्या वाटेनं कशाला जाता? सरळ माझ्यातूनच जा. पाय भिजायचे नाहीत.