आबे बत्तीस

आप्पासाहेबाच्या समोर चष्मा आपटायचा, एवढंच डोक्यात धरून मी वाळूजवरून थेट औरंगपुऱ्यात त्याच्या चष्म्याच्या दुकानावर आले. आत दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यांनी ऐकावं म्हणूनच आवाज चढवला.

कंपनीत मी तपासणीच्या टेबलावर बसते. ब्रेकचे स्टीलचे तुकडे दिव्याखालून सरकत जातात, केसाएवढी भेग दिसली की तुकडा बाजूला काढायचा. मान हलवायची नाय, हात थांबवायचे नाय, नुसती बुबुळं फिरवायची. डोळ्याचा नंबर उणे आठ, तरी सात वर्षांत एक खराब तुकडा माझ्या हातून सुटला नव्हता. विशाखाचं टेबल म्हणतात त्याला.

ह्या आप्पासाहेबानं माझी जाड काच सोडवली. "ताई, किती दिवस ढापणी म्हणून घेणार? पातळ घ्या, चेहरा उठून दिसेल." घेतली. अक्कल गहाण टाकली होती मी. पहिल्याच पाळीला प्रत्येक तुकड्याच्या कडेला निळी-पिवळी रेघ! सरळ बघितलं की गायब, डोळे कोपऱ्यात नेले की हजर. भेग समजून चांगले चाळीस तुकडे बाद केले अन् सुपरवायझर सुदर्शन सरांची बोलणी खाल्ली.

तेव्हाही दुकानात आले होते. आप्पासाहेबानं तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. "मग? नंबर बरोबर आहे. सवय होईल." तक्ता समोर टांगलेला, मान सरळ, तिथं रेघ दिसणार कशी? पण तेव्हा मला तरी कुठं कळलं? गेले परत.

अन् झाली की सवय! रेघ दिसली की म्हणायचं, काचेची आहे, जाऊ दे. आठ दिवसांनी त्यातली एक रेघ खरी निघाली. भेगेचा तुकडा माझ्यासमोरून पुढं गेला अन् माल घेणाऱ्यांनी अख्खी पेटी परत पाठवली. सर म्हणाले, "उद्यापर्यंत कारण लेखी आण, नायतर पॅकिंगला जा." सात वर्षं कमावलेलं टेबल सोडून मी खोके चिकटवत बसू?

"बाई, आवाज खाली," आप्पासाहेब म्हणाला.

"नाय करत. काय करशील?"

तेवढ्यात आतून काच घासणारा केरबा बाहेर आला. त्यानं चष्मा उचलून खिडकीकडं धरला, तिरका केला. "सायेब, ह्या काचेचा आबे आकडा बत्तीस. जुन्या जाड काचेचा अठ्ठावन्न. आकडा जितका कमी, तितका उजेड फुटतो अन् कडेला रंग दिसतात. सरळ बघणाऱ्याला चालून जातं. कोपऱ्यातून बघायचं काम असेल तर नाय चालत."

"तुला कोणी विचारलं रे?" आप्पासाहेब खेकसला.

"मी विचारते," मी केरबाकडं वळले. "काच घासताना मिठाची गुळणी धरली होती का?"

"तुम्ही काय काम करता ते मला कोण सांगतं? माझ्यावर नका ओरडू," म्हणून तो आत निघून गेला.

आप्पासाहेब जरा नरमला. "जाड काच फुकट बसवून देतो. विषय संपवा."

"काच दे अन् कागद बी दे. आत्ता. शिक्क्यासकट."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, गिळतोय का काय! मग पॅड ओढलं अन् गुमान लिहीत बसला. वरच्या दोन ओळी मी वाचल्या: पातळ काचेचा आबे आकडा कमी, म्हणून रंगीत रेघा दिसतात, नजरेचा दोष नाही. बस्स! जिरवली म्हटलं. घडी घालून पर्समध्ये टाकला.

सकाळी सरांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला.

"'ग्राहकाने सहा तारखेला पहिली तक्रार केली होती,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "खराब तुकडा चौदाला गेला. म्हणजे आठ दिवस तुला ठाऊक होतं, खोटी रेघ दिसते म्हणून. मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी टेबलावरून उठवलं असतं तुम्ही."

"व्हय, उठवलं असतं," सर म्हणाले. "अन् तो तुकडा इथंच थांबला असता. ब्रेकचा आहे तो, विशाखा. तिकडं सापडला नसता तर कोणीतरी त्याच्या भरवशावर लेकराला मागं बसवून गाडी चालवली असती."

आप्पासाहेबाला घालायला माझ्याकडं शंभर शिव्या होत्या. आता लई राग आला, अन् तो कोणावर काढावा ते समजंना.

मी माझा डबा उचलला. शेजारच्या लायनीवरची करुणा येऊन माझ्या खुर्चीत बसली. तिनं दिवा आपल्या बाजूला वळवून घेतला अन् पहिला तुकडा हातात घेतला. माझ्याकडं बघितलं नाय.