ट्रे कसा पडला

ट्रे सुनीतीच्या हातून पडला.

आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधले बापूराव धावत आले, तेव्हा दार उघडून सुनीतीने त्यांना हेच सांगितलं. तिच्या पदराला मध लागला होता. आत स्वयंपाकघरात तिची सून अवनी नळाखाली हात धरून उभी होती आणि दात आवळून कण्हत होती. ट्रे गरम होता, सुनीती म्हणाली, सुटला हातातून, मी आहेच धांदरट. तिच्यामागे तिचा मुलगा सलिल गाडीची किल्ली शोधत होता. बापूराव हळहळले आणि या वयात ओव्हनच्या वाटेला जाऊ नये असं काहीसं पुटपुटत परत गेले.

वाक्य तयारच होतं. चाळीस वर्षं जिभेखाली धरलेलं.

पण ट्रे असा पडला नाही. हे मोडून पुन्हा सांगायला हवं.

*

बदाम ठेचायचे. पूड नको, तुकडे राहिले पाहिजेत.

*

खरं तर सुनीतीच्या हातून आयुष्यात एक चमचासुद्धा पडलेला नाही.

तिचे यजमान दीनानाथ बँकेतून निवृत्त झालेले. नारायण पेठेत त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता, कारण ते आवाज चढवत नसत. ते फेकत. आमटी कोमट असली तर वाटी. पोळी वातड झाली तर ताट. एकदा उकळत्या दुधाचं पातेलं, तेही ती पाठमोरी असताना. खालच्या मजल्यावरच्यांनी काय आपटलं म्हणून विचारलं, की ती जिन्यात जाऊन सांगे, माझ्या हातून पडलं हो.

बोलता बोलता ती तिची ओळखच झाली. हळदीकुंकवाला तिला काचेचं वाण देणं बायकांनी सोडून दिलं. 'सुनीतीला स्टीलच द्या,' असं म्हणून हसायच्या. दीनानाथ तर पंगतीत रंगवून सांगत, 'हिने मुलगासुद्धा पाडला होता.' मग लहानगा सलिल पुढे येऊन डाव्या भुवईवरची खूण दाखवी. पंगत हसे. सुनीतीही हसे आणि वाढत राही.

*

ओट्स, भोपळ्याच्या बिया, जवस. मध आणि तूप गरम करून वरून ओतायचं. सगळं एकमेकांना चिकटलं पाहिजे.

*

दीनानाथांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी सकाळचे पोहे बंद केले. दलियाचा वाडगा भिंतीवर गेला. ही कसली लापशी, मी काय बाळंतीण आहे का, एवढंच ते म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. अवनीला फोनवर काही सांगावं लागलं नाही. तिने भिंत पुसण्याचा आवाज ऐकला असावा. वारज्याला या, ती म्हणाली, घरी ग्रॅनोला करायला शिकवते, ओट्स-बदाम मधात भाजून, कुरकुरीत असतो, बाबा खातील.

म्हणून आज सुनीती वारज्याच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी उभी होती आणि मार्केट यार्डातून आणलेले बदाम खलबत्त्यात ठेचत होती. आतल्या खोलीत सलिलची ऑफिसची मीटिंग चालू होती. अवनीने खलाखाली टॉवेल घातला होता, आवाज आत जाऊ नये म्हणून. सुनीतीने तो टॉवेल पाहिला. तिनेही नारायण पेठेत वर्षानुवर्षं खलाखाली पोतं घातलं होतं.

मग अवनीने मान वाकवून केस बाजूला केले. कानामागे टाक्यांची खूण होती. दिवाळीत सलिलने तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं होतं. माहेरी सांगून पाहिलं, पण सलिलसारखा शांत मुलगा असं करेल हे तिच्या वडिलांना पटेना. कुणी पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं.

'आई,' ती म्हणाली, 'मी आता इथून जाणार आहे. पण माझा शब्द एकटीचा आहे. कधी तुमच्यासमोर झालं आणि कुणी विचारलं, तर खरं सांगाल?'

बत्ता सुनीतीच्या हातात थांबला.

'ओव्हन तापला बघ,' ती म्हणाली.

*

भाजून झालं की ट्रे बाहेर काढायचा आणि गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लावला तर

*

तर.

अवनीने ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला, ओव्हनचा जाड हातमोजा हुकाला अडकवला, आणि त्याच वेळी मीटरवरचा खटका पडून वीज गेली. आत एसी, इकडे ओव्हन, भिंतीपलीकडे गीझर. घर गप्प झालं. आतल्या खोलीतून येणारं इंग्रजी मध्येच तुटलं.

सलिल बाहेर आला. आधी त्याने मीटरपाशी जाऊन खटका वर केला. मग तो स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा साधा होता. मीटिंग आहे हे तुला माहीत होतं ना, त्याने विचारलं. अवनी सॉरी म्हणत पातेलं उचलायला वळली.

त्याने हुकावरचा हातमोजा काढला. उजव्या हातात चढवला, बोटं नीट आत सरकवली. ट्रे उचलला आणि तिच्यावर फेकला.

पत्रा तिच्या खांद्यावर आदळला. मधात उकळलेले दाणे मानेवर, दंडावर, कोपरापर्यंत चिकटले. ती ओरडली तसा त्याने तिच्या वेणीला हात घातला आणि तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं. एकदा. परत एकदा. फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक खाली पडलं. सुनीती 'सलिल' म्हणाली. निदान तिला तसं वाटलं, पण तोंडातून शब्द आला नव्हता.

मग त्याने हातमोजा काढला आणि परत हुकाला अडकवला.

बेल वाजली. बापूराव.

*

पुढे माहीत आहेच.

*

गाडीत अवनी मागे, दंडावर ओला टॉवेल. चिकटलेले गोळे हाताने ओढू नकोस, कातडी येईल, असं सुनीती तिला सांगत होती. अवनीचा ओठ फाटला होता. ती खिडकीबाहेर बघत होती. सलिल लाल सिग्नलला बरोबर पांढऱ्या पट्ट्याच्या मागे थांबला.

'ट्रे तुझ्या हातून पडला, आई,' तो आरशात बघून म्हणाला.

त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग त्याने वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आईच्या हातून गरम ट्रे पडला, अवनीला भाजलंय, हॉस्पिटलला नेतोय.

'त्यात नवीन ते काय?' दीनानाथांचा कोरडा आवाज गाडीभर पसरला. 'तुझ्या आईच्या हातून काही पडलं नाही असा एक दिवस दाखव. सुनेला म्हणावं, हेल्मेट घालून ये सासूसमोर.'

सलिल हसला.

सुनीतीच्या अंगावर काटा आला तो हसण्यामुळे नाही. दीनानाथ खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ज्याने फेकलं त्यालाच आता आठवत होतं, की हिने पाडलं. एवढं पक्कं काम केलं होतं तिने.

आणि तो हातमोजा. रागात माणसाचं भान जातं, असं ती स्वतःला समजावत आली होती. भान गेलेला माणूस बोटं नीट आत सरकवत नाही. दीनानाथांनी चाळीस वर्षांत तिच्या संसाराची भांडी फेकली. त्यांचा चहाचा पांढरा कप अजून कपाटात होता. साधा टवकासुद्धा उडाला नव्हता.

*

अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कोटावर आम्रपाली असं नाव. त्यांनी मानेवर, दंडावर पाणी सोडलं, मग चिमटा घेतला. कसं झालं, त्यांनी विचारलं.

अवनीने सलिलकडे पाहिलंच नाही. 'आईंना विचारा,' ती म्हणाली.

'आईच्या हातून ट्रे सुटला,' सलिल म्हणाला. 'वय झालंय.'

डॉक्टरांनी अवनीचा फाटलेला ओठ पाहिला. मग म्हणाल्या, 'आजी, तुम्ही सांगा.'

सुनीतीचं तोंड उघडलं आणि सवयीने 'माझ्या' एवढं बाहेर आलं. सलिलने तिचा दंड धरला, वरून माया दिसावी असा, आणि अंगठा आत रुतवला. बाबांना औषध कोण देणार आहे, घरी जायचंय ना तुला, असं तो अगदी हळू, कानाशी म्हणाला.

'माझ्यासमोर फेकला,' सुनीती म्हणाली. 'ह्याने. आधी हातमोजा घातला, मग फेकला. मग तिचं तोंड फ्रिजवर आपटलं. मग हातमोजा हुकाला लावला.'

अंगठा हाडापर्यंत गेला. हाताला कळ आली, तरी तिने दंड सोडवून घेतला नाही, डॉक्टरांना दिसावा म्हणून तसाच पुढे केला. आम्रपालीबाईंनी दारातल्या रखवालदाराला हाक मारली. पोलिसांना कळवावं लागेल, त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चिमटा उचलला. रखवालदाराने सलिलला भिंतीपाशी नेलं. तो गेला, शर्ट सारखा करत, शांत.

चिमट्याने पहिला गोळा सोडवला. बदाम, जवस आणि कातडीचा पापुद्रा. स्टीलच्या भांड्यात टणकन पडला. अवनीने सुनीतीचं मनगट घट्ट धरलं.

तो आवाज ओळखीचा होता. सुनीती बोलतच राहिली.

'आमटीची वाटी. ह्याच्या वडिलांनी फेकली.'

टण.

'दुधाचं पातेलं. त्यांनीच.'

टण.

'माझ्या आईने दिलेलं ताट.'

आजी, सावकाश, कुणीतरी म्हणालं. तिला थांबता येईना. पितळी डबा, देव्हाऱ्यातली समई, परवाचा वाडगा. टण. अवनीची नखं रुतत होती. टण. शेवटचा गोळा मानेवरचा, सगळ्यात मोठा. तो निघेना. डॉक्टरांनी चिमटा पुन्हा लावला. अवनी किंचाळली, तो निघाला.

'आणि सलिल,' सुनीती म्हणाली. 'नऊ महिन्यांचा होता. रडत होता. मी नाही पाडला. त्यांनी फेकला.'

भिंतीपाशी सलिलचा हात वर गेला आणि डाव्या भुवईवर थांबला.