हातगुण

माझ्या हाताला गुण आहे, हा शोध ओयीनं लावला. ओयी म्हणजे माझी सासू. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात मी कुंपणापाशी द्राक्षवेलीची एक वाळकी काडी सहज खोचली आणि त्या मेल्या काडीला पानं फुटली. झालं. ओयीनं गल्लीभर सांगितलं, "आमच्या मुहय्योचा हातगुण बघा." तेव्हापासून वसंतातला नवरोजचा सण उलटला की महल्ल्यातल्या बायका मला हाताला धरून आपापल्या परसात नेतात. पहिलं रोप मी लावायचं, बाकीची त्या लावतात. बदल्यात गरम नान मिळतं, कधी झग्याचं कापड. नान ओयी मोडते आणि कापड ओयी ठेवते.

नवरा एलमुरोद तिकडे रशियात, कझानला बेकरीत आहे. लग्नासाठी मागून आणलेली भांडी परत जायच्या आत तो गेला. दर वसंतात तो फोनवर म्हणतो, "आई, हिला पाठव." ओयी कधी नाही म्हणत नाही, खरी गोम तिथेच आहे.

"मी काय तिला दावणीला बांधलंय?" ती म्हणते. "लागवड तेवढी होऊ दे. दुवा देते, मग खुशाल जाऊ दे."

आमच्याकडे घरातल्या मोठ्या माणसानं हात पसरून दुवा दिल्याशिवाय कोणी लांबच्या वाटेला लागत नाही. आणि लागवड काही होत नाही. कांदा-गाजर झालं की बटाटे, बटाट्यांमागून टोमॅटो, मग ढोबळी मिरची, मग पाटाच्या पाण्याची पाळी, पाळी संपते तोवर हिवाळ्याची लोणची. लागवड संपलीय अशी बाग मी अजून पाहिलेली नाही.

यंदा एलमुरोदनं एका म्हातारीकडे वेगळी खोली बघितली. तसा तो सहा जणांत राहतो.

"म्हातारी मे महिन्यापर्यंत थांबेल म्हणते," तो म्हणाला. "त्यानंतर ती दुसऱ्याला देईल. मग मी पुन्हा शोधणार नाही, मुहय्यो. दमलोय मी."

"अहो, यंदा मी हातगुणच बिघडवते," मी हळूच म्हटलं. "जिच्या हातनं काही उगवत नाही, तिला कोण धरून ठेवतंय?"

तो हसला. त्याचं हसू मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

मग मी कामाला लागले. पहिली पाळी शेजारच्या हिदोयत मावशींची. त्यांच्या वाफ्यात मी रोपाची मुळं मुठीत चुरगळली, खड्ड्यात कोंबली आणि वरून टाचेनं दाबलं.

"अगं, असं टाचेनं दाबतात?" मावशी बघतच राहिल्या.

"आमच्या माहेरी असंच लावतात."

"तुझ्या माहेरी रोपं लावतात की खुंट ठोकतात?"

आठवड्याभरानं त्या भिंतीवरून ओरडून सांगत होत्या, की सगळ्या वाफ्यात ते टाचेचं रोपच जोमात आहे आणि आता बाकीच्यांवरही येऊन टाच देऊन जा. आमच्या घरचे टोमॅटो तर मी भर दुपारच्या उन्हात लावले, वर विहिरीचं गारढोण पाणी ओतलं. दोन दिवस रोपं आडवी पडली. मी आतून उड्या मारत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडायला आले, तर सगळी ताठ उभी.

ओयी दारात चहाची वाटी घेऊन बसली होती. "बघितलंस? तू नुसता हात लाव, बाकी अल्ला बघून घेतो," ती म्हणाली. मी झाडू टाकून मोरीकडे गेले आणि रडले. रोपं जगली म्हणून रडतेय, हे कोणाला सांगणार?

तरी मी गाठोडं बांधून ठेवलं होतं. माझ्या आईनं लग्नात दिलेल्या रजया त्यात होत्या, तिनं स्वतः कापूस पिंजून भरलेल्या. कझानला थंडी फार, असं तिनं कुठूनतरी ऐकलं होतं.

जर्दाळूला वाटाण्याएवढी फळं धरली आणि एका दुपारी वारा एकदम पडला. आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं निळं झालं. ओयी त्या दिवशी बहिणीकडे लग्नाला गेली होती आणि मुक्कामी राहणार होती. उतरत्या उन्हात महल्ल्याचे म्हातारे प्रमुख दारोदार सांगत आले, "आज दव गोठणार. झाकून घ्या, पोरींनो." सगळीकडे प्लास्टिकचे कागद फडफडायला लागले.

"झाकलंस का गं?" मावशींनी भिंतीवरून विचारलं.

"झाकतेच आहे," मी म्हटलं आणि घरात जाऊन बसले.

मला काहीच करायचं नव्हतं. एवढं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. नुसतं बसायचं, सकाळी बाग काळी पडलेली असेल, इतरांची जगलेली असेल, आणि माझ्या हाताची अब्रू गेली की मी मोकळी. मी चहा केला. तो प्यायले नाही. दिवस मावळता मावळता कोंबड्यांचं दार लावायला बाहेर आले आणि नको तिकडे बघितलं. रोपांनी पानं खाली ओढून घेतली होती. थंडीत पोरं बगलेत हात घालून उभी राहतात, तशी.

मला दया बिया आली नाही. मी त्यांना शिव्या दिल्या. शिव्या देतच आत गेले, गाठोड्याची गाठ दातांनी सोडली आणि आईच्या रजया ओढत बाहेर आणल्या. काठ्या रोवल्या, वर एकेक रजई पसरली, कडा मातीनं दाबल्या. हात भराभर चालत होते आणि मी त्यांच्यामागून फरफटत होते. मला स्वतःचा आला तेवढा राग कधी कोणाचाच आला नव्हता, ओयीचासुद्धा नाही.

सकाळी महल्ल्यातली सगळी रोपं काळी पडली होती. कागद पानांना चिकटले होते, गारठा त्यातून आत गेला. आमची तेवढी रजयांखाली हिरवीगार होती.

ओयी दुपारी आली. तिनं बाग बघितली, चिखलानं माखलेल्या, दवानं जड झालेल्या रजया बघितल्या. माझे दोन्ही हात धरून तिनं डोळ्यांना लावले आणि रडायला लागली.

"मला वाटायचं, तुझं मन इथे नाही," ती म्हणाली. "तू गेलीस तर या अंगणात मी आणि कोंबड्या, याची मला धास्ती होती. आता नाही. माहेरच्या रजया कोणी परक्या बागेवर घालत नाही, पोरी."

मला ओरडून सांगायचं होतं, की ओयी, तसं नाही. पण फाटकात बायका वाडगे घेऊन उभ्या होत्या, सगळ्यांत पुढे हिदोयत मावशी. रोपं आता फक्त आमच्याकडे होती. फुटवे खुडून त्यांना मुळं आणायची, आणि मग घरोघरी पहिलं रोप माझ्या हातानं लावायचं.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी वाफ्यात गुडघ्यांवर बसून फुटवे रोवत होते. कोपरापर्यंत चिखल. ओयी फोन घेऊन आली आणि तिनंच तो माझ्या कानाला लावून धरला.

"आई म्हणते, तू बाग वाचवलीस," एलमुरोद म्हणाला.

"हो."

"अगं, एक संध्याकाळ गप्प बसून राहायचं होतं."

ओयी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी म्हटलं, "रोपं थंडीनं कुडकुडत होती."

त्याच्यामागे कोणीतरी भांडी आदळत होतं.

"आणि मी?" त्यानं विचारलं.

हात चिखलात होते आणि फोन ओयीच्या हातात होता. तिनं थोडी वाट बघितली, मग म्हणाली, "चल बाळा, तिला काम आहे," आणि फोन बंद केला.